गोदाकाठचं रविवारचं जेवण

नमस्कार श्रोतेहो. नाशिकमध्ये रविवारची सकाळ मिसळीची. काळा रस्सा बरा की लाल, हा वाद तुम्ही घरोघरी घालताच, त्यात मी पडत नाही. आज बोलायचंय ते दुपारच्या जेवणाबद्दल, तेही नदीकाठच्या.

गंगापूर रोडनं आनंदवल्ली मागे टाकली आणि सोमेश्वरच्या बाजूला निघालं, की नदीकडच्या अंगाला साधीसुधी जेवणाची ठिकाणं लागतात. वर पत्र्याचं छप्पर, खाली शहाबादी फरशी, प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि मागे पेटलेली चूल. शेवभाजी, वांग्याचं भरीत, पिठलं, भाकरी, ठेचा, कांदा. एवढं पुरतं. ठेचा मात्र खलबत्त्यातलाच हवा. मिक्सरमध्ये फिरवला की त्याची चटणी होते, आणि हे मी कुणापुढेही ठामपणे सांगेन.

आणखी एक. अशा ठिकाणी स्पीकर लावू नये. नदीचा आवाज ऐकायला माणूस शहरातून एवढा लांब येतो आणि तिथंही त्याच्या कानाशी गाणी वाजतात. मालकांनो, ऐकत असाल तर कृपा करून तो स्पीकर बंद ठेवा.

तर अशाच एका ठिकाणची गोष्ट. मालकांना सगळे अण्णा म्हणतात, आणि भाकऱ्या थापतात त्या काकू. आषाढातला रविवार होता. पुण्याहून माझे काका-काकू आले होते. त्र्यंबककडे आदल्या दिवसापासून पाऊस लागून राहिलेला, पण आपल्याकडे नुसती भुरभुर. आमच्या काकूला अगदी पाण्यालगतच बसायचं होतं, म्हणून आम्ही खालच्या ओट्यावर बसलो. शेजारी कॉलेजची पोरं, आणि पलीकडे सिन्नरचं एक कुटुंब, आजीसकट.

शेवभाजी आली. वर तेलाचा तवंग, शेव अजून कुरकुरीत. काकांनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. तेवढ्यात माझं लक्ष अण्णांकडे गेलं. ते गल्ल्यावरून उठून पायऱ्यांच्या टोकाशी उभे होते. तिथल्या एका पायरीवर त्यांनी चुन्याची रेघ मारलेली आहे. पाणी त्या रेघेला लागायच्या बेतात होतं. नदीचा रंगही पालटला होता, गढूळ तांबूस, आणि वरून काटक्या, पालापाचोळा वाहून येत होता.

धरणातून विसर्ग वाढवल्याचा निरोप त्यांच्या फोनवर आला होता. आपण बातम्यांत ऐकतो ना, इतके क्युसेक, तितके क्युसेक. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर पाणी. आता हजार क्युसेक म्हणजे किती, ते मनात करून बघा. आणि गंगापूर धरण तिथून काही फार लांब नाही. शहरात आपण नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघून पूर जोखतो. पाणी त्याच्या गुडघ्याला आलं, कमरेला आलं, असं एकमेकांना सांगतो. अण्णांकडे त्यांची चुन्याची रेघ.

आता दुसरा कुणी असता तर ओरडला असता, "पळा, पाणी आलं!" अण्णांनी आवाजही चढवला नाही. ते आमच्याजवळ आले आणि काकूला म्हणाले, "ताई, ताट हातात घ्या, वर बसू. भाकरी गरम येतेय." सिन्नरच्या आजींना त्यांनी स्वतः हात धरून वर नेलं. पोरांनी टेबलं उचलली. वाढपी रश्श्याचं पातेलं घेऊन मागोमाग. वर जागा कमी, म्हणून जो तो मिळेल तिथं टेकला. आमची काकू आजींच्या शेजारी, काका कॉलेजच्या पोरांमध्ये, सिन्नरचा नातू माझ्या मांडीला मांडी लावून. आत तव्यावरून भाकऱ्या उतरतच होत्या, आणि ज्याचं ताट रिकामं दिसेल त्याला वाढल्या जात होत्या.

आम्ही जेवून हात धुतले तेव्हा खालचा ओटा पाण्याखाली गेला होता. जेवण मात्र कुणाचंही अर्धवट राहिलं नव्हतं.

आणि आता मला सगळ्यात आवडणारा भाग. बिल कसं करायचं? कुणी किती भाकऱ्या घेतल्या याचा हिशेब कुठला राहायला! अण्णा वही घेऊन एकेकाला विचारत गेले, "किती खाल्ल्या?" आणि ते जो आकडा सांगतील तो लिहून घेतला. आजी म्हणाल्या, "दोन." नातू लगेच, "आजी, तीन! तिसरी ठेच्याबरोबर!" आजींनी मान डोलावली, अण्णांनी तीन लिहिल्या. मग पोरंही आठवून आठवून सांगायला लागली, "अण्णा, माझी एक वाढवा." काका पुण्याला गेल्यावरही हीच गोष्ट सांगत असतात. शेवभाजीचं नाव नंतर निघतं.

जायचं असेल तर दोनच गोष्टी लक्षात ठेवा. पावसाळ्यात वरच्या ओळीतच बसा. पुन्हा सांगतो, पावसाळ्यात वरच्याच ओळीत बसा, आणि मालकानं उठा म्हटलं की वाद न घालता उठा. आपल्या डोक्यावर पाऊस नसला म्हणून नदी चढत नाही असं नसतं. पाऊस त्र्यंबकला पडतो, पाणी इथं वाढतं. मुलांना पायऱ्यांवर खेळायला सोडू नका.

दुसरी गोष्ट, बाराच्या आत पोचा. एक वाजला की भरीत संपतं. नागलीची भाकरी हवी असेल तर आदल्या दिवशी फोन करून सांगून ठेवा, म्हणजे काकू तेवढं पीठ काढून ठेवतात. नमस्कार.