चौकातला शोले आणि बारमाही थेटर

[दृश्य: दगडी चौक, मोठा पडदा, अजून पूर्ण अंधार पडलेला नाही]

२७ जून २०२५. इटलीतलं बोलोन्या शहर, शहराच्या ऐन मध्यात पियात्सा माज्जोरे नावाचा चौक, आणि चौकातल्या भल्यामोठ्या पडद्यावर रामगढची ट्रेन येतेय. तिकीट नाही, पास नाही, काही नाही. खुर्ची मिळाली ते खुर्चीत, उरलेले चर्चच्या पायऱ्यांवर, त्याही भरल्या की खाली फरशीवर मांडी घालून. आणि पिक्चर पूर्ण शोले, म्हणजे ज्यात शेवटी ठाकूर गब्बरला खरंच मारतो तो. आणीबाणीच्या काळात सेन्सॉरने तो शेवट बदलायला लावला, मग ऐनवेळी पोलीस येतात, आणि थेटरात आपण पन्नास वर्षं तेच बघत आलो. खऱ्या शेवटासकट रिस्टोअर केलेला शोले जगात पहिल्यांदा दाखवला गेला तो ह्या चौकात, फुकट.

ही बातमी आपल्याकडे सगळ्यांनी दिली, व्हॉट्सॲपवर फोटो फिरले, अभिमान वगैरे सगळं झालं. पण एक गोष्ट कोणी विचारलीच नाही. त्या चौकात आदल्या रात्री काय होतं? आणि दुसऱ्या दिवशी?

तर आदल्या रात्रीही पिक्चर होता आणि दुसऱ्या दिवशीही. जूनच्या मध्यापासून ऑगस्टपर्यंत, जवळपास रोज. शोले हा त्या उन्हाळ्याच्या वेळापत्रकातला एक दिवस होता, बास. आजचा आपला विषय शोले नाहीये, ते वेळापत्रक आहे.

[दृश्य: चर्चचा दर्शनी भाग, खालून वर]

आधी जागा बघून घ्या. हे सान पेत्रोनियो चर्च, खालचा अर्धा भाग संगमरवरी आणि वरचा अर्धा नुसत्या विटांचा, कारण काम कित्येक शतकांपूर्वी अर्धवट राहिलं ते राहिलंच. त्याच्या पायऱ्या म्हणजे इथली बाल्कनी समजा. उन्हाळ्यात तिकडे सूर्य नऊ वाजून गेल्यावर मावळतो, त्यामुळे पिक्चर सुरू व्हायलाच पावणेदहा होतात, आणि शोलेसारखा तीन तास चोवीस मिनिटांचा असेल तर संपेपर्यंत रात्रीचा एक वाजून जातो, आणि लोक बसतात.

हे सगळं करते चिनेतेका दी बोलोन्या, म्हणजे तिथली फिल्म अर्काइव्ह, जुने पिक्चर जपून ठेवणारी संस्था. आणि तिच्यामागे कोण आहे, तर बोलोन्याची महापालिका. हे लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

आता वेळापत्रकात असतं काय. एका रात्री मुका चित्रपट, चॅप्लिन वगैरे, आणि पडद्यासमोर शहरातल्या ऑपेरा थेटरचा अख्खा वाद्यवृंद बसून लाइव्ह वाजवतो. दुसऱ्या रात्री म्युझिकल, तिसऱ्या रात्री हल्लीचा एखादा पिक्चर, डिरेक्टर स्वतः येऊन चार शब्द बोलतो. जुनं वेगळं, नवं वेगळं अशी कप्पेबंदी नाही. याच सीझनच्या पोटात जूनअखेर नऊ दिवस एक फेस्टिव्हल असतो, ‘इल चिनेमा रित्रोवातो’, १९८६पासून चालू आहे, आणि त्यात फक्त रिस्टोअर केलेले, सापडलेले, विसरलेले पिक्चर, तेही शेकड्यांनी. जगभरातले सिनेमावेडे ह्या नऊ दिवसांत ऊन डोक्यावर घेत एका थेटरातून दुसऱ्या थेटरात पळत असतात. ती मजा आहेच, पण मला विचाराल तर फेस्टिव्हल ही त्यातली सोपी गोष्ट आहे. नऊ दिवस कोणीही जोर लावू शकतं. नोव्हेंबरातल्या मंगळवारी संध्याकाळी काय?

[दृश्य: जिना उतरून खाली, लाल खुर्च्या]

नोव्हेंबरातल्या मंगळवारी खाली उतरायचं. चौकाला लागूनच, जमिनीखाली, मोदेर्निस्सिमो नावाचं थेटर आहे. १९१५चं, २००७ला बंद पडलं, आणि २१ नोव्हेंबर २०२३ला परत उघडलं, ते पण कसं, तर जानकार्लो बासिली नावाच्या सिनेमाच्याच आर्ट डिरेक्टरकडून शंभर वर्षांपूर्वीच्या थाटात सजवून घेऊन. आपल्याकडे बंद पडलेल्या थेटरचं काय होतं हे तुम्हाला माहितीये, मॉल नाहीतर मंगल कार्यालय. इथे महिन्याचं वेळापत्रक छापलं जातं आणि त्यात सत्तर वर्षांपूर्वीचा पिक्चर आणि यंदाचा पिक्चर एकाखाली एक.

असं वेळापत्रक लावणं हे बाहेरून वाटतं तितकं सोपं काम नाही. यादी काय, तुम्ही-आम्ही चहा पिता पिता शंभर नावं काढू. पण त्यातल्या प्रत्येक नावाला हक्क कोणाकडे आहेत ते शोधा, पैसे भरा, मग कॉपी मिळवा. डिजिटल असेल तर हार्ड डिस्क येते, तिला कुलूप असतं, किल्ली ईमेलने वेगळी येते, आणि ती किल्ली ठरलेल्या तारखेला ठरलेल्या वेळातच चालते, शो पुढे ढकलला की नवीन किल्ली मागा. आणि खरी फिल्म असेल, पस्तीस एमएमची प्रिंट, तर अर्काइव्हवाले आधी विचारतात की तुमच्याकडे दोन प्रोजेक्टर आहेत का. कारण एका रिळात साधारण वीस मिनिटं बसतात. दोन मशीन असतील तर एक रीळ संपतासंपता दुसरं सुरू करता येतं, पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर क्षणभर एक ठिपका दिसतो तो ऑपरेटरला इशारा असतो. मशीन एकच असेल तर सगळी रिळं कापून, चिकटवून एक मोठं भेंडोळं करावं लागतं, आणि अर्काइव्हच्या प्रिंटला कात्री लावलेली कोण चालवून घेईल.

[दृश्य: रात्रीचं छोटं अंगण, प्रोजेक्टरच्या धुराड्यातून धूर]

आता हे बघा, हे जवळून बघण्यासारखं आहे. चिनेतेकाचं स्वतःचं आवार एका जुन्या कत्तलखान्यात आहे, तिथे पियात्सेत्ता पाझोलिनी नावाचं छोटं अंगण आहे, आणि फेस्टिव्हलच्या काही रात्री तिथे एक जुना प्रोजेक्टर बाहेर काढतात. ह्यात बल्ब नाहीये. कार्बनच्या दोन कांड्या समोरासमोर, त्यांची टोकं जवळ आणली की मध्ये ठिणगी पेटते आणि त्या उजेडावर पिक्चर चालतो. कांड्या जळत जातात, अंतर वाढतं, म्हणून शेजारी माणूस उभा, तो सारखा त्या पुढे सरकवत असतो, नाहीतर पडद्यावरचा उजेड पिवळा पडतो. वर धुराडं, त्यातून धूर. लोक पडद्यापेक्षा मागे वळून मशीनच जास्त बघतात.

आपल्याकडे कोणत्याही जुन्या ऑपरेटरला हे दाखवलं तर हसेल तो. जत्रेतल्या तंबूत, तालुक्याच्या टॉकीजमध्ये वर्षानुवर्षं हेच चालायचं, ‘कार्बन’ म्हणूनच ओळखायचे, आणि उरलेले तुकडे जोडून वापरायची युक्ती त्यांना कोणी शिकवावी लागली नव्हती. बोलोन्यात त्याच कामाला आज टाळ्या पडतात. पडोत, काही वाईट नाही.

ह्या शहरात आपले पिक्चर अधूनमधून येत राहतात त्याला एक कारण आहे. अर्काइव्हचीच रिस्टोरेशनची लॅब इथे आहे, ‘लिम्माजिने रित्रोवाता’. सत्यजित रे यांच्या अपूच्या तीन पिक्चरच्या निगेटिव्ह १९९३ला लंडनमधल्या एका लॅबच्या आगीत जळाल्या होत्या. होरपळलेले, आक्रसलेले, एकमेकांना चिकटलेले तुकडे, कुठल्याही मशीनमध्ये जाणार नाहीत असे. पण कोणीतरी ते फेकले नाहीत, अमेरिकेत ऑस्कर देणाऱ्या अकॅडमीच्या अर्काइव्हने जपून ठेवले, आणि वीस वर्षांनी ते बोलोन्यात आले. इथल्या लोकांनी ग्लिसरॉल, ॲसिटोन आणि पाण्याच्या द्रावणात ठेवून त्या फिल्ममध्ये परत ओल आणली, मग हाताने सोडवली, कडा दुरुस्त केल्या, टेप काढल्या. पथेर पांचालीची सुमारे चाळीस टक्के आणि अपराजितोची साठ टक्क्यांहून जास्त फिल्म त्या जळक्या निगेटिव्हमधूनच परत मिळाली. तिसऱ्याची वापरण्याजोगी काहीच उरली नव्हती, ती दुसऱ्या कॉप्यांवरून करावी लागली.

शोलेचंही तसंच. मूळ निगेटिव्हची वाट लागलेली, सत्तर एमएमची एकही प्रिंट शिल्लक नाही, मग इंग्लंडमधल्या गोदामात ठेवलेल्या जुन्या डब्यांतून आणि मुंबईतल्या साठ्यातून मटेरियल निघालं. मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनने सिप्पी फिल्म्सबरोबर तीन वर्षं खपून ते उभं केलं. आणि हो, शोलेला फिल्मफेअर किती मिळाली माहितीये? एक. ती एडिटिंगला, आणि एडिटर आपले एम. एस. शिंदे. बच्चन, गब्बर, आर. डी., सगळे रिकाम्या हाताने, आणि आज शोलेवर बोलताना शिंद्यांचं नाव दहात एकालाही आठवत नाही. असो, त्यावर वेगळा व्हिडिओ करू.

[दृश्य: जुनं सिंगल स्क्रीन थेटर, रंग उडालेलं]

मग आपल्याकडे काय? तर आपल्याकडे हे होतं, फक्त त्याला कोणी रेपर्टरी, म्हणजे जुने पिक्चर आलटूनपालटून दाखवणारं थेटर, वगैरे म्हणत नव्हतं, मॅटिनी म्हणायचे. रेग्युलर तीन शो नव्या पिक्चरचे आणि दुपारी बाराला कमी दरात जुना पिक्चर, शुक्रवारी बदलायचा. देव आनंद, मग दादा कोंडके, मग एखादा इंग्लिश. आपल्या कितीतरी आईबापांनी आपल्या जन्माआधीचे पिक्चर टीव्हीवर नाही, मॅटिनीला बघितलेत. ते लाइनअप कोणी क्युरेटर लावत नव्हता, डिस्ट्रिब्युटरकडे जी प्रिंट पडून असेल ती यायची. पण सवय होती. मग व्हिडिओ आला, केबल आली, मल्टिप्लेक्स आले आणि मॅटिनी गेली. उरला तो मुंबईच्या मराठा मंदिरचा शो, ऑक्टोबर १९९५पासून एकच पिक्चर, दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे. प्रेम आहेच आमचं, पण एकच पिक्चर म्हणजे लाइनअप होत नाही ना राव.

आता गेल्या काही वर्षांत परत हालचाल आहे. २०२२च्या ऑक्टोबरात बच्चनच्या ऐंशीव्या वाढदिवसाला ११ पिक्चर १७ शहरांत लागले. २०२४च्या डिसेंबरात राज कपूरची शंभरी, १० पिक्चर, ४० शहरं, १३५ थेटरं, तिकीट शंभर रुपये. त्याच वर्षी स्मिता पाटीलचा मंथन फ्रान्सच्या कान फेस्टिव्हलला जाऊन आला आणि जूनमध्ये दोन दिवस थेटरात लागला. आणि तुंबाड! २०१८ला फार चालला नाही, २०२४ला परत लागला तर पहिल्या वेळेपेक्षा जास्त गल्ला. म्हणजे लोक येत नाहीत हे कारण आता कोणी सांगू नये.

माझी तक्रार एवढीच आहे की हे सगळं वाढदिवसाला होतं. शंभरी असली की तीन दिवस झगमगाट, त्या वीकेंडला तुमच्या घरी पाहुणे आले की संपलं, पुढची शंभरी येईपर्यंत थांबा. फिल्म सोसायट्या आहेत, मुंबईचं प्रभात चित्र मंडळ १९६८पासून चिकाटीने काम करतंय, पण ते मुख्यतः सभासदांचं. पुण्यात फिल्म अर्काइव्ह आहे, १९६४पासून, लॉ कॉलेज रोडला त्यांचं स्वतःचं छान थेटर आहे. कोणालाही, कुठल्याही मंगळवारी, तिकीट काढून आत शिरता येईल असं बारमाही थेटर मात्र वेगळंच लागतं.

आणि इथे ती महापालिका. बोलोन्यातलं काही अचाट आहे असं समजायचं कारण नाही. पुण्यात बालगंधर्व रंगमंदिर कोण चालवतं? महापालिका, १९६८पासून. शहराशहरांत अशी नाट्यगृहं आहेत. नाटकाला सरकारी घर हवं हे आपल्याला पटलेलं आहे, तारखांवरून भांडतो, स्वच्छतागृहांवरून बोंबलतो, पण ते बंद करायचं म्हटलं की अख्खं शहर रस्त्यावर येतं. कोलकात्यात १९८५ला नंदन झालं, सरकारी, खास सिनेमासाठी, उद्घाटनाला स्वतः रे होते. मग आपल्याकडे एखादं बंद पडलेलं सिंगल स्क्रीन महापालिकेने घेतलं तर?

[दृश्य: खडूने फळ्यावर लिहिलेले वार]

समजा घेतलं. पहिल्या आठवड्याचं लाइनअप आत्ताच लावून टाकतो. शुक्रवारी संत तुकाराम, १९३६चा, प्रभातचा, लोक म्हणतील कीर्तन आहे, बघायला बसले की कळेल त्यात कॅमेरा किती साधा आणि किती पक्का आहे. शनिवारी सामना आणि त्याला लागून कोर्ट, मध्ये चाळीस वर्षं आहेत, पण निळू फुल्यांचा साखर कारखाना बघून लगेच त्या कोर्टाच्या खोलीत जाऊन बसा, बघा काय होतं ते. रविवारी सकाळी श्यामची आई, पोरांना तिकीट नाही, रडारडीची जबाबदारी थेटरची नाही. रविवारी रात्री सबर बोंडं, रोहन कानवडेचा, २०२५ला अमेरिकेतल्या सनडान्स फेस्टिव्हलला ग्रँड ज्युरी प्राइझ घेऊन आला आणि आपल्याकडे किती जणांना थेटरात बघायला मिळाला तुम्हीच सांगा. सोमवारी मशीनला सुट्टी. मंगळवारी काहीतरी जपानी, सबटायटल मराठीत. बुधवार-गुरुवार तुमच्यावर सोडतो, कॉमेंटमध्ये लिहा, फक्त सगळेजण अशी ही बनवाबनवी लिहू नका, तो आपण दिवाळीच्या आठवड्यात लावणार आहोत, दोन शो. तिकीट शंभर. इंटरव्हलला पॉपकॉर्नचा आग्रह नाही, बालगंधर्वसारखा गरम बटाटावडा ठेवायचा, आणि ह्या मुद्द्यावर चर्चा होणार नाही.