चव्हाणसाहेबांचा तो एक तास

विषय जाहीर झालाय १ सप्टेंबर १९६५चा, पाकिस्तानच्या रणगाड्यांवर संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाणांनी विमानं धाडली त्या दिवसाचा, पण मी सुरुवात १९६२च्या चीन युद्धापासून करणार आहे, त्याशिवाय तो दिवस कळतच नाही बाप्पा.

माझे वडील आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये, म्हणजे सैन्याला रसद पुरवणाऱ्या दलात होते, तेव्हा आसामात जोरहाटला. काम असं, की डकोटा या मालवाहू विमानात पिठाची पोती, रॉकेलचे डबे भरायचे, विमान डोंगरावर आलं की कमरेला दोर बांधून उघड्या दारातून ते बाहेर ढकलायचं. त्यांच्या उजव्या तळहातावर दोराचा एक गुळगुळीत वळ होता, लहानपणी मी त्यावरून बोट फिरवत बसायचो. चीन सीमेजवळ त्सांगधरला सामान टाकायची जागा अरुंद, त्यात धुकं, वारा, कितीतरी पॅराशूट दरीत जायची. बाबा सांगायचे, पोतं दरीत जाताना दिसतं रे, आणि खाली आपली पोरं सुती कपड्यात बर्फात उभी. हे सांगताना त्यांचा चहा निवून जायचा, आई आतून ओरडायची, पण बाबा थांबायचे नाहीत, कारण खरी सल पुढे होती. आम्ही बिनशस्त्र विमानातून रोज जात होतो, मग लढाऊ विमानं काहून जमिनीवर?

मी ही सल घेऊनच मोठा झालो. चीनने २० ऑक्टोबरला हल्ला केला, आपली मालवाहू विमानं जिवाचं रान करत होती, एएन-१२ मधून तर लडाखमध्ये चुशूलला रणगाडे नेले. हंटर ही लढाऊ आणि कॅनबेरा ही बाँबफेकी विमानं मात्र लढाईत उतरलीच नाहीत. भीती ही, की चीन कलकत्त्यावर बाँब टाकेल. अहो, तिबेटची धावपट्टी इतक्या उंचीवर, विरळ हवेत, की तिथून उडणाऱ्या विमानाला इंधन आणि बाँब दोन्ही कमी घ्यावे लागणार! हे हवाई दलातल्या माणसांना कोणी नीट विचारलं असतं तर... आणि १९ नोव्हेंबरला नेहरूंनी केनेडींना पत्र लिहून अमेरिकेच्या लढाऊ विमानांच्या १२ स्क्वॉड्रन, म्हणजे तुकड्या, मागितल्या. स्वतःच्या उभ्या ठेवून. याचा मला आजही त्रास होतो.

मागून कुणीतरी म्हणालं, हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला. धावला ना! पण यशवंतरावांनी २१ नोव्हेंबरला संरक्षणमंत्री म्हणून चार्ज घेतला आणि त्याच दिवशी चीनने युद्ध थांबवलं, म्हणजे सह्याद्री पोचला नि हिमालय रिकामा. (हशा)

अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत, पाचच मिनिटं, तर पटकन. १ सप्टेंबर १९६५, जम्मूजवळ छांबला पाकिस्तानचे पॅटन रणगाडे घुसले, आपल्याकडे तिथे तोडीस तोड काही नाही, अखनूरचा पूल गेला तर काश्मीरचा रस्ताच तुटतो. संध्याकाळी सेनाप्रमुख चौधरी आणि हवाई दलाचे अर्जनसिंग चव्हाणांकडे आले, म्हणाले विमानं हवीत. चव्हाणांनी कॅबिनेटची वाट पाहिली नाही, तिथेच हो म्हटलं, आणि तासाभरात पठाणकोटहून व्हॅम्पायर ही लढाऊ विमानं उडाली. जुनाट विमानं होती, पहिल्याच संध्याकाळी चार पडली, हेही सांगितलंच पाहिजे. पण पाकिस्तानची गती मंदावली, आणि ६ सप्टेंबरला आपण लाहोरची आघाडी उघडली.

माझं म्हणणं एवढंच, की त्या खोलीत बसलेल्या माणसाला १९६२ची ती जमिनीवर उभी विमानं आठवत होती. लाहोरची गोष्ट सांगायची राहिलीच, ती पुढच्या वेळी. प्रश्न असतील तर मी खाली चहाजवळ आहे.