'जिल्हा' म्हणून दाखवा!

दाभोळच्या धक्क्यावरून फेरीबोट सुटतेय, समोर धोपावे, मधे वाशिष्ठीचं मुख. बहामनी, आदिलशाहीच्या काळात याच पाण्यातून जहाजं होर्मुझला नि एडनला जायची, हजला निघालेली माणसंही इथूनच चढायची. आता इथला पोरगा मुंबईला जाऊन विमान पकडतो आणि कुवेत नाहीतर कतार गाठतो. म्हणजे अरबी आपल्या किनाऱ्याला काय कालची नाही, तरी मला तिचं एक अक्षर धड म्हणता येत नव्हतं, म्हणून म्हटलं शिकूनच बघू, कॅमेरा चालू ठेवून.

खाडीकाठच्या एका वाडीत, पडवीत, असरच्या, म्हणजे दुपार कलतानाच्या नमाजनंतर क्लास भरतो. शिकवणाऱ्या बाईंना सगळे आपा म्हणतात, मीपण. आठ-दहा पोरं, समोर लाकडी रेहल, त्यावर पातळसं पुस्तक, त्याचं नाव कायदा. हो, आपला कोर्टातला कायदा तोच शब्द, अरबीत त्याचा अर्थ पाया, नियम.

मी पहिल्याच दिवशी शहाणपणा केला, म्हटलं 28 च तर अक्षरं आहेत, आपल्यापेक्षा कमी. आपा म्हणाल्या, "भाऊ, अक्षरं नका मोजू, जागा मोजा." जागा म्हणजे मखरज, आवाज तोंडात नेमका जिथून निघतो ते ठिकाण. तजवीदवाले, म्हणजे कुराण शुद्ध उच्चारात म्हणायचं शास्त्र शिकवणारे, इब्न अल-जज़री या पंडिताच्या हिशोबाने 17 मखरज धरतात, त्याच्या कितीतरी आधी सीबवैह नावाच्या व्याकरणकाराने 16 सांगितले होते.

आणि इथे मला एकदम शाळा आठवली. क ख ग घ कंठ्य, त थ द ध दंत्य, प फ ब भ ओष्ठ्य, आपली अख्खी वर्णमाला घशातून निघून ओठांपर्यंत येते की नाही? आठव्या शतकात बसऱ्याच्या खलील इब्न अहमदनेही शब्दकोश रचताना हाच रस्ता धरला, घशातून सुरुवात, ओठांकडे प्रवास, आणि पहिलं अक्षर ऐन म्हणून कोशाचं नावच किताब अल-ऐन.

हा ऐन म्हणजे माझा शत्रू. हे बघा, तिसरा दिवस, मी 'अ' म्हणतोय आणि मागची पोरं खिदळतायत. ऐन घशाच्या मधल्या भागातून येतो, तिथे घसा आवळायचा पण आवाज तोडायचा नाही. मी एकतर साधा अ काढायचो नाहीतर उलटी आल्यासारखं काहीतरी. त्याच जागेचा बिनआवाजी भाऊ म्हणजे मोठा ह, तो मात्र जमला, कारण आपांनी माझा चष्मा काढायला लावला, "काच पुसायला वाफ सोडता ना, तशी सोडा, फक्त अजून खालून." काच धुरकट झाली, ह पास.

काफ आणि क़ाफसाठी मोबाईलचा टॉर्च लावून आरशात बघितलं. साध्या काफला जीभ टाळूला लागते, क़ाफला जिभेचं बूड पार मागे पडजिभेपाशी जातं. क़ल्ब म्हणजे काळीज आणि कल्ब म्हणजे कुत्रा, त्यामुळे प्रेमाबिमाचं बोलताना जपून. जागा तपासायची युक्तीपण मस्त आहे, अक्षराच्या आधी अ लावायचा आणि अक्षर पायमोडकं म्हणायचं, अक्, अक़्, जीभ जिथे अडकली ती जागा.

शेजारच्या ओटीवर एक मामू बसतात, कुवेतात बरीच वर्षं काढलेली. ते म्हणाले हे सगळं क्लासात ठीक, तिकडे बाजारात क़हवाचा गहवा होतो, क़ल्ब होतं गल्ब आणि कुत्रा होतो चल्ब! आणि त्यांच्या एका पाटील दोस्ताला सगळे बातील म्हणायचे, कारण अरबीत ना प ना ट. आपला ळ तर सोडाच. हे ऐकून मला जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पण खरी गंमत ज़्वादची, ज्याला अरब दाद म्हणतात. जिभेची कड वरच्या दाढांना टेकवून जाड, भरलेला आवाज काढायचा, त्याला इथे 'पुर' म्हणतात, साध्या आवाजाला बारीक. अरबी भाषेलाच 'दादची भाषा' म्हणतात इतकं हे अक्षर त्यांचं लाडकं. उर्दूत येईपर्यंत त्याचा ज़ झाला, मराठीत सरळ ज. म्हणून तिकडे रमदान, आपल्याकडे रमजान. अर्ज, गरज, काजी, शाळेत रोज म्हणतो ते हजर, सगळ्यांत तोच घासून गुळगुळीत झालेला दाद. आणि जिल्हा! मूळ शब्द दिल्अ, म्हणजे बरगडी, बाजू, सुरुवातीला दाद आणि शेवटी माझा लाडका ऐन. जन्मभर प्रत्येक फॉर्मवर जिल्हा रत्नागिरी लिहिलं आणि पत्ता नाही.

शेवटच्या दिवशी आपांनी तोच शब्द म्हणायला लावला, दिल्अ. जीभ डाव्या दाढेला, घसा आवळला, म्हटलं. पडवीत शांतता. मग पुढच्या ओळीतलं सहा-सात वर्षांचं पोरगं वळलं, तोंड उघडून जीभ कुठे ठेवायची ते मला दाखवलं, आणि ते इतकं सहज म्हणालं की आपांनी नुसतं त्याच्याकडे बोट केलं.

"उद्या परत या," म्हणाल्या, "फेरी सुटेल तुमची."