केअर ऑफ ५६ एपीओ

(डिचोली तालुक्यातील एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेवर 'वीर जवानाचे स्मरण' असं छापलंय. ती बाबांच्या हाती पडली असती तर त्यांनी चष्मा वर करून विचारलं असतं, "हा कोण? आमच्या वाड्यावरचा दिसत नाही."

तेव्हा आधीच सांगते, पराक्रमाच्या गोष्टी ऐकायला आला असाल तर चहापर्यंत थांबा आणि जा. बाबा सिग्नल्समध्ये, म्हणजे फौजेच्या संदेशवहन विभागात, लाइनमन होते, हवालदार म्हणून निवृत्त झाले. दर एकोणीस डिसेंबरला, गोवा मुक्तिदिनी, भाषणं ऐकून आपल्याला वाटतं, फौजी म्हणजे सदैव गोळीबार. त्यांची बरीचशी नोकरी केबलचं रीळ पाठीवर घेऊन चालण्यात, फलाटावर ट्रंकेवर बसून राहण्यात आणि लंगरच्या रांगेत गेली. या असल्या दिवसांतून माणूस शाबूत बाहेर येतो कसा, ते मला सांगायचंय.

भरतीचं कारणही तसलंच. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा पोर्तुगिजांकडून सोडवायला ब्रिगेडियर सगत सिंग यांची ५० पॅरा ब्रिगेड दोडामार्गच्या बाजूने आपल्या भागात आली. त्यातली मराठा पलटण उसगावमार्गे फोंड्याकडे गेली. बाबा तेव्हा पोरगेलेसे. पोर्तुगीज शाळेत थोडं शिकलेले, घरी मराठी, बाहेर कोंकणी. बंदूकवाल्या माणसाने चक्क मराठीत पाणी मागितलं, याचंच त्यांना अप्रूप. "रस्ता दाखवायला मला गाडीत बसवलं. आयुष्यात पहिल्यांदा मोटारीत बसलो. फुकट गाडी मिळते म्हणून फौजेत गेलो, आणि फौजेने उरलेलं आयुष्य चालवलं." हे वाक्य आमच्या घरी इतक्यांदा झालं की शेवटचा अर्धा भाग आम्ही भावंडं कोरसात म्हणायचो.

दोन-तीन वर्षांनी अनमोड घाटाने बेळगाव गाठलं, भरती झाले आणि जबलपूरला सिग्नल्सच्या ट्रेनिंगला गेले. लाइनमनचं काम सोपं वाटतं. तार अंथरायची, तुटली तर शोधायची, जोडायची आणि फोन लावून आवाज पोचतो का बघायचं. बर्फात, चिखलात, अंधारात. तपासणीसाठी आकडे म्हणायचे तर बाबा पोर्तुगीजमध्ये म्हणायचे, उं, दोइश, त्रेश. एकदा पलीकडच्या एक्स्चेंजवर नवा पोरगा होता. लाइनवर कोणी अनोळखी भाषेत बोलतोय अशी त्याने वर वर्दी दिली. साहेबांनी बोलावून विचारलं, ही कुठली भाषा? बाबा म्हणाले, "साहेब, शत्रूचीच आहे, पण तो शत्रू १९६१ मध्येच हरला."

१९७१ ला ते पूर्वेला होते. योग असा की त्या आघाडीवर चौथ्या कोरचे प्रमुख तेच सगत सिंग, आता लेफ्टनंट जनरल. मेघना नदीवरचा आशुगंजचा पूल पाकिस्तानी सैन्याने उडवला, तेव्हा त्यांनी हेलिकॉप्टरांतून सैन्य पलीकडे उतरवलं. युद्धाच्या इतिहासात हे धाडस म्हणून शिकवतात. बाबांची नोंद निराळी: "सगत सिंगांनी मला दोनदा सोडवलं. एकदा पोर्तुगालपासून, एकदा मेघनेतून तार ओढण्यापासून." त्या महिन्यात काय पाहिलं, ते मात्र कधी बोलले नाहीत. विचारलं की मेघनेतल्या माशांवर यायचे, आणि मासे गोव्यातलेच बरे म्हणून विषय मिटवायचे.

आमचे बाबा आम्हाला मुख्यतः पत्रांतून माहीत. पत्ता नेहमी केअर ऑफ ५६ एपीओ, म्हणजे फौजेचं टपाल कार्यालय. पूर्वेला असले की ९९ एपीओ. जागेचं नाव लिहायला बंदी. मी लहानपणी शाळेत सांगायचे, बाबा छप्पन नावाच्या गावात असतात. गुरुजी नकाशावर शोधायला लावायचे, बिचारे. बाबांनी यातूनही वाट काढली. थंडी किती आहे ते ते अंड्यावरून सांगत: "इथे उकडलेलं अंडं सोलण्याआधी दगड होतं." मग आम्ही ओळखायचं, लडाख.

लडाखची चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, हा त्यांचा सगळ्यात आवडता किस्सा. गोव्याबाहेरच्या कोणी ऐकत असेल तर सांगते, आपल्याकडे गणपतीच्या डोक्यावर माटोळी बांधतात, रानातली फळं, सुपारीची शिपटी, नारळ, कांगणं, तोरिंजन. ती नसेल तर चवथ झाल्यासारखीच वाटत नाही. लेहजवळ कुठलं आलंय कांगण? बाबांनी चौकटीला केबल बांधली आणि तिच्यावर टांगली जर्दाळूची डहाळी, हिरवी सफरचंदं, जवाची कणसं, अननसाचा बंद डबा आणि जागा भरायला टेलिफोनच्या खांबावरचे चिनी मातीचे इन्सुलेटर. मूर्ती नव्हती, पाटावर सुपारी. लांगरी, म्हणजे लंगरचा स्वयंपाकी, पंजाबचा. त्याला नेवऱ्या, म्हणजे करंज्या, समजावून सांगितल्या तर तो म्हणाला, ही तर आमची गुजिया, आणि परातभर तळून दिल्या. आरतीला मद्रासी, गढवाली, शीख सगळे. शब्द कोणालाच येईनात, पण "जय देव जय देव" आलं की दरवेळी छप्पर उडायचं. पुढे बाबांची बदली झाली. नंतरच्या वर्षी त्या लांगरीचं पत्र आलं, 'हवालदार साब, इस साल भी डिब्बा टांगा है.'

आता दुसरी बाजू. बाबांचा विनोद जगाला फुकट होता, आईला नव्हता. माझा भाऊ विषमज्वराने पडला तेव्हा तार आसामला गेली, रजा मंजूर झाली, मग ब्रह्मपुत्रा, हावडा, मुंबई, मिरज, लोंढा. तेव्हा कोकण रेल्वे नव्हती. पोचले तोवर ताप उतरलेला. अंगणात बसून त्यांनी त्या प्रवासाचं असं वर्णन केलं की वाडा लोटपोट. आई माजघरातून बाहेर आली आणि एवढंच म्हणाली, "हसायला सगळे आले. जागायला कोण होतं?" कोणी काही बोललं नाही. मी पेटीतली पत्रं काढून बघितली. त्यानंतरच्या प्रत्येक पत्राची पहिली ओळ आईला आहे आणि तीत विनोद नाही. 'रात्री झोप लागते ना? शेजारणीला बोलावून घे.' विनोद दुसऱ्या ओळीपासून. ही शिस्त मला परेडच्या शिस्तीपेक्षा मोठी वाटते.

निवृत्तीनंतर एका बँकेच्या दारात दुनळी बंदूक घेऊन उभे राहिले. "फौजेत तार जास्त उचलली, बंदूक बँकेत." गोव्यात फौजी कँटीनच्या दारूच्या बाटलीला इतर राज्यांइतका भाव नाही, हे त्यांचं कायमचं दुःख. उराकाच्या, म्हणजे काजूच्या दारूच्या, दिवसांत तर कोणी विचारतच नाही म्हणायचे. दर नोव्हेंबरला पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला इस्त्री करून जायचे. "जिवंत आहे हे सरकारला पटवलं. आता घरी जाऊन हिला पटवतो."

ती पत्रं आता मी या वाचनालयाला देते आहे. तुमच्या घरी, माळ्यावर, ट्रंकेत ५६ किंवा ९९ एपीओची पत्रं असतील तर तीही आणून द्या, निदान वाचायला तरी. आमच्याकडची वाचताना एक सांभाळा, त्यातलं निम्मं खोटं आहे. कुठलं निम्मं ते फक्त आईला ठाऊक. ती पहिल्या रांगेत बसली आहे आणि मघापासून माझ्याकडे रोखून बघते आहे. चहाच्या वेळी तिलाच विचारा.