वाडीतली विहीर आणि न शिजणारी डाळ

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय पाण्याबद्दल, पण सुरुवात करतो जमिनीपासून.

विहार आणि पवई, ही दोन तळी शेजारी शेजारी. विहार 1860 साली बांधून झालं, पवई 1890 च्या सुमारास. दोघांवर पडणारा पाऊस एकाच ढगातला. पण विहारचं पाणी आजही शुद्ध करून मुंबईकर पितात आणि पवईचं पिण्याच्या कामाचं राहिलं नाही. पाऊस तोच, मग फरक कशाचा? भोवतालच्या जमिनीचा. विहारभोवती राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे. तिथं पालापाचोळा पावसाचा मार झेलतो आणि पाणी मुरत, गाळत तळ्यात उतरतं. पवईच्या काठी खाणी निघाल्या, इमारती चढल्या. मग गाळ आला, सांडपाणी आलं आणि त्यावर पोसलेली जलपर्णी आली. पुन्हा सांगतो, पाऊस तोच, जमीन वेगळी.

आता माझ्या काकूच्या डाळीची गोष्ट ऐका.

काकू गिरगावातल्या एका वाडीत राहते. वाडीच्या मधोमध विहीर. नळ आला तरी काकूचा हट्ट एकच, वरण विहिरीच्याच पाण्याचं. पाणी घ्यायचं, गाळायचं आणि तुरीची डाळ कुकरला. तीन शिट्ट्या, की डाळ लोण्यासारखी. (हल्ली लोक शिट्ट्या न मोजता मोबाईलवर गजर लावतात. मला तो कुकरचा अपमान वाटतो, असो.)

एका वर्षी डाळ शिजेना. तीन शिट्ट्या, पाच शिट्ट्या, दाणे आपले टणक! काकूने सगळा दोष वाण्यावर ढकलला. "जुनी डाळ खपवतोस का रे?" वाण्याने बदलून दिली. तीही शिजेना. दुसरा वाणी धरला, त्याच्याशीही भांडण. कुकरची रिंग बदलून झाली. काका म्हणाले, "आता गॅसवाल्याशी भांड, तेवढाच राहिलाय." शेवटी एकदा विहिरीचा पंप बिघडला म्हणून काकूने नळाचं पाणी घातलं, आणि तीन शिट्ट्यांत डाळ मऊ! काकू बराच वेळ कुकरकडे बघत राहिली. मग विहिरीचं पाणी जिभेवर ठेवलं आणि म्हणाली, "मचूळ लागतंय गं बाई."

पाणी मचूळ का झालं? आदल्या वर्षी वाडीचं अंगण खरवडून सगळीकडे सिमेंट आणि वर पेव्हर ब्लॉक घातले होते. गाड्या लावायला सोय, चिखल नाही, दिसायला झकास. आणि गाड्या धुवायला विहिरीवर पंप. म्हणजे वरून मुरणं बंद, खालून उपसा चालू. गिरगावात समुद्र काही लांब नाही. जमिनीखाली गोडं पाणी हलकं म्हणून खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. गोड्याचा थर पातळ झाला की खारं पाणी वर सरकतं, त्याच्याबरोबर पाण्याचा जडपणा, म्हणजे त्यात विरघळलेले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार, वाढतो. आणि जड पाण्यात डाळ शिजत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. मुरणं बंद, उपसा चालू, तेवढं ध्यानात ठेवा.

जुन्या मोऱ्या आणि मलवाहिन्या गळत असतील, तर तेही पाणी विहिरीकडेच वाट काढतं. जमीन थोडंफार गाळते, पण गटार विहिरीच्या कुशीतच असेल तर ती तरी काय करणार? म्हणून अशा विहिरीचं पाणी तपासून घेतल्याशिवाय पिऊ नका, नुसतं नितळ दिसतंय म्हणून नको. आणि नितळपणावरून आठवलं, धोबीतलाव, सी. पी. टँक, गोवालिया टँक. तळी बुजवून आपण नुसती नावं ठेवली, दोन्ही अर्थांनी.

असो. वाडीची सभा झाली, तीन तास. गाडीवाले एका बाजूला, काकू एका बाजूला. काकूने कुकर सोबत नेला होता, झाकणासकट. शेवटी विहिरीच्या कडेचे पेव्हर उचलून माती मोकळी केली, गच्चीचं पावसाचं पाणी शोषखड्ड्यात सोडलं, आणि गाड्या बादलीने, नळाच्या पाण्यावर धुवायचं ठरलं. दोन पावसाळे गेले.

डाळ आता चार शिट्ट्यांत शिजते. तीनवर येईपर्यंत, काकू म्हणते, ती वाण्याची माफी मागणार नाही.