काकूंचा डावा हात

खुर्चीच्या कडेला घट्ट रोवलेली ही बोटं बघा. पेरं पांढरी पडलीत. काकूंची दाढ गेले कित्येक महिने ठणकतेय. लवंग धरून झाली, गोळ्या झाल्या, शेवटी गाल सुजला तेव्हा कुठे त्या दवाखान्यात आल्या. इतके दिवस त्यांना घरी बसवून ठेवलं ते भीतीनं. ‘एवढ्याशा दाढेला काय घाबरायचं’ असं आपण सहज बोलून जातो. बोलू नये. ही भीती खरी असते, आणि तिच्यावर उपचारही आहे.

“काकू, त्रास वाटला तर डावा हात वर करा.”

नाकावर एक मऊ मास्क बसतो. त्यातून येतो नायट्रस ऑक्साइड हा भीती सैल करणारा वायू, ऑक्सिजनमध्ये मिसळलेला. डॉक्टर त्याचं प्रमाण हळूहळू वाढवत नेतात. ऑक्सिजन ३० टक्क्यांच्या खाली जाणार नाही, अशी सोय यंत्रातच असते. काही मिनिटांत हातापायांना हलक्या मुंग्या येतात, खांदे सैल पडतात. काकू जाग्याच आहेत. ‘तोंड उघडा’ म्हटलं की उघडतात. हिरडी बधिर करायला सुई द्यावीच लागते, पण आता तिचा धसका उरलेला नाही.

१० डिसेंबर १८४४. अमेरिकेतलं हार्टफर्ड शहर. गार्डनर कोल्टन लोकांना हाच वायू हुंगवून करमणुकीचा कार्यक्रम करत होते. वायूच्या तारेत सॅम्युएल कूली नावाच्या तरुणाचा पाय चांगलाच सोलवटला, आणि त्याला पत्ताच नव्हता. प्रेक्षकांत बसलेले दंतवैद्य होरेस वेल्स यांनी ते हेरलं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी स्वतः तो वायू घेतला आणि सहकारी जॉन रिग्ज यांच्याकडून आपली दाढ काढून घेतली. रुग्णाआधी स्वतः खुर्चीत बसणाऱ्या या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो. पुढच्याच महिन्यात बॉस्टनला त्यांचं प्रात्यक्षिक फसलं. रुग्ण कण्हला आणि जमलेल्यांनी वेल्स यांची टर उडवली. १८४८ मध्ये, अवघ्या ३३ व्या वर्षी ते गेले. १८६३ पासून कोल्टन यांनीच हा वायू पुन्हा दातांच्या दवाखान्यात रुजवला.

काहींचं वायूवर भागत नाही. त्यांना मिडाझोलामसारखं गुंगीचं औषध शिरेतून देतात. झालेलं काम नंतर फारसं आठवतही नाही. इथे मात्र हयगय नको. किती तास उपाशी राहायचं ते आधी विचारून घ्या, घरी न्यायला सोबत कुणीतरी हवं, त्या दिवशी गाडी चालवायची नाही. झोपेत श्वास अडकतो का, गरोदरपण आहे का, रोजची औषधं कोणती, हे सगळं डॉक्टरांना सांगा. आणि काम चालू असताना माझ्या श्वासाकडे, नाडीकडे कोण लक्ष ठेवणार, हे बेधडक विचारा. तो तुमचा हक्कच आहे.

वायू बंद झालाय. आता पाचेक मिनिटं नुसता ऑक्सिजन.

काकूंचा डावा हात मांडीवर सैल पडलाय. एकदाही वर आला नाही. दाताखाली कापसाचा बोळा धरून त्या विचारतात, “झालं?”