हळदीच्या पेठेतला पिवळा

श्रोतेहो, नमस्कार.

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे सुरू झाले की हमालाच्या सदऱ्यापासून रस्त्यातल्या धुळीपर्यंत सगळं पिवळं होतं. म्हणून आज 'पिवळा' या शब्दाबद्दल बोलायचं आहे.

शब्दाचं मूळ सरळ आहे. संस्कृतात 'पीत', प्राकृतात 'पीवल', आपल्याकडे 'पिवळा'. पिवळाजर्दमधला 'जर्द' फारसी. त्याचाही अर्थ पिवळाच.

खरी गंमत पुढे आहे. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात पिवळ्या रंगाचे शब्द दिलेत, 'पीतो गौरो हरिद्राभः'. हरिद्राभ म्हणजे हळदीसारखा. त्या काळीही पिवळा सांगायला हळदच लागली! आणि मधला 'गौर' पाहा. आज आपण गोरा म्हणजे उजळ समजतो, पण इथं तो पिवळ्याच्या पंगतीत बसलाय. 'पी हळद आणि हो गोरी' ही म्हण मला तेव्हापासून वेगळीच ऐकू येते.

'हरिद्रा'मधला 'हरि' म्हणजे पिवळा, पिंगट, हिरवटसुद्धा. त्याच कुळातून 'हरित' आला, त्यातून आपला 'हिरवा'. सोन्याला 'हिरण्य' म्हणतात तेही याच घरातलं. हळद आणि हिरवा ही सख्खी भावंडं आहेत, हे आपल्या शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. जूनच्या सुमाराला लावलेली हळद पावसाळाभर हिरवीगार असते, पौष-माघात पाला पिवळा पडून वाळतो, मग कंद काढायचा. जुन्या माणसांनी दोन्ही रंगांच्या शब्दांना एकच मूळ दिलं, यात मला त्यांची नजर दिसते.

'हरताळ' हे पिवळं खनिज याच नात्यातलं. पोथीत चुकलेल्या अक्षरांवर ते फासायचे, म्हणून 'हरताळ फासणे'.

सांगलीच्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं. सांगलीजवळच्या हरिपूरला जमिनीखालच्या पेवांत हळद वर्षानुवर्षं टिकायची. 2005 च्या महापुरात त्यातली कितीतरी पेवं गेली, याची हळहळ आजही वाटते.

आता लालाकडे. 'कुंकुम' म्हणजे मुळात केशर. पण आपल्या घरातलं पारंपरिक कुंकू हळदीचंच. हळदीला चुना किंवा दुसरा क्षार लागला, की तिच्यातलं करक्युमिन हे पिवळं रंगद्रव्य लाल होतं. हल्ली बाजारात नुसता रंग घातलेली पूडही कुंकू म्हणून विकतात. तेव्हा घेताना दुकानदाराला एवढं विचारा, हे हळदीचं आहे का?

नमस्कार.